वहीतलं छंदाचं पान

थोडं लांबलंय. चहा घेऊन बसा आणि वाचा.

परवा जटपुरा गेटजवळच्या टपरीवर एका जुन्या सहकाऱ्यानं सगळ्यांदेखत विचारलं, "काय बे, तू म्हणे अजून लेकरावानी विटा जोडून राहिला?" चारपाच जण हसले. मीही हसलो. काय करणार, खरंच आहे ते. वय चव्वेचाळीस, केस अर्धे पांढरे, पोरगी दहावीत, आणि घरी बैठकीतल्या कपाटात वरच्या दोन फळ्यांवर लेगोच्या विटांची घरं, गाड्या, एक रेल्वे स्टेशन. विचारणाऱ्याच्या तोंडात तेव्हा खर्रा होता. त्याला उत्तर तिथं दिलं नाही, इथं देतो. पण हे उत्तर फक्त त्याला नाही. गेल्या काही महिन्यांत इनबॉक्सात आणि बाजारात सतरा जणांनी विचारलं की भाऊ, हे परवडतं कसं? चिमूरच्या एकानं विचारलं, "यात गुंतवणूक म्हणून पैसे टाकू का?" त्या शेवटच्या प्रश्नासाठी हे सगळं लिहितोय.

आधी हा प्रकार काय, ते माहीत नसणाऱ्यांसाठी. डेन्मार्कमध्ये बिलुंड नावाचं गाव आहे. तिथं ओले किर्क क्रिस्टियानसेन नावाच्या सुताराचा धंदा मंदीत बसला, तेव्हा १९३२ मध्ये त्यानं लाकडी खेळणी करायला घेतली. पुढं प्लॅस्टिक आलं. वर बटणं आणि आत नळ्या असलेल्या आजच्या विटेचं पेटंट २८ जानेवारी १९५८ चं. गंमत अशी की तेव्हाची वीट आजच्या विटेत घट्ट बसते. आपल्याकडं दोन वर्षांपूर्वीचा चार्जर आजच्या फोनला लागत नाही! सहा विटा घ्या, एकाच रंगाच्या, आठ-आठ बटणांच्या. त्या एकमेकींत किती प्रकारे जोडता येतात? ९१ कोटी ५१ लाख ३ हजार ७६५ प्रकारे. कोपनहेगनच्या एका गणितज्ञानं संगणकावर मोजून काढलंय. हा आकडा लक्षात ठेवा, हिशेबात कामाला येईल.

मोठ्या माणसांनी विटा घेणं ही कंपनीच्या दृष्टीनं आता लपवायची गोष्ट राहिलेली नाही. २०२० पासून मोठ्या संचांच्या काळ्या खोक्यांवर सरळ १८+ असं छापून येतं. म्हणजे आपल्यासारखे पगारी, थकलेले, रात्री अकराला घरी येणारे लोक हेच गिऱ्हाईक. २००३-०४ च्या सुमारास ही कंपनी बुडायच्या बेतात होती. नंतर सावरली, आणि आता तिला पक्कं माहीत आहे की पोराच्या खिशापेक्षा बापाचा खिसा मोठा.

आणि आम्ही विदर्भातले लोक या बाबतीत डेन्मार्ककडून काही शिकायला नको. तान्हा पोळा आठवा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोट्ट्यांच्या हातात लाकडी नंदी देऊन तोरणाखाली उभं करायचं, ही परंपरा नागपूरकर भोसल्यांच्या काळापासूनची सांगतात. पण नंदी घेतं कोण? लाकूड कोणतं, शिंगं कशी, झूल मखमलीची की साधी, चाकं पितळी की लाकडी, यावर भांडतं कोण? बाप, आजोबा आणि काका. पोरगं तर दोरी सोडून बोजाऱ्यासाठी पळतं. काही घरांत पणजोबांचा नंदी आजही वर्षातून एकदा कपडा मारून बाहेर निघतो, हजारोंना मागितला तरी देत नाहीत. हे मोठ्यांनी खेळणी जमवणंच झालं की नाही? फक्त मध्ये एक लेकरू उभं केलं की ते संस्कृती होतं, आणि एकट्यानं केलं की खूळ.

असो. आता पैशाचं.

आमच्या धंद्यात पगार म्हणजे काय, हे पत्रकार मित्रांना सांगायला नको. महिन्याचं मानधन थोडकं, बाकी जाहिरातीचं कमिशन. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, दिवाळी आणि एखाद्या नेत्याचा वाढदिवस, की पैसा दिसतो. मधले महिने कोरडे. वर्षाचं सगळं धरून बाराने भागलं तर माझ्या हाती महिन्याला २६ हजाराच्या आसपास येतात. लाजायचं कारण नाही, म्हणून आकडा लिहितोय. असा आकडा लिहिल्याशिवाय छंदाच्या खर्चाबद्दल बोलणं म्हणजे नुसती हवा.

२०२१ साली मी एक मूर्खपणा केला. कोरोनात पानं कमी झाली, जाहिराती आटल्या, घरी बसून डोकं सडत होतं. रात्र रात्र मोबाईलवर विटांचे व्हिडिओ बघायचो. एका रात्री २४ हजारांचा एक १८+ संच मागवून टाकला. बिनव्याजी हप्ता, महिन्याला दोन हजार, बारा महिने. बिनव्याजी म्हणतात, पण वरून प्रक्रिया शुल्क आणि त्यावर कर लागलाच. घरी सांगितलं, जुना आहे, नागपूरच्या एकाकडून चार हजाराला घेतला. आणि स्वतःला सांगितलं, ही गुंतवणूक आहे, पाच वर्षांनी दुप्पट होईल.

सातव्या महिन्यात पोरीच्या शिकवणीची फी आणि तो हप्ता एकाच आठवड्यात आले. खात्यात एकाचेच पैसे होते. हप्ता आपोआप कापला गेला. शिकवणीवाल्यांचा फोन बायकोला आला.

भांडण झालं नाही, हेच वाईट होतं. ती खोकं उलटं करून मागचं लेबल वाचत बसली. छापील किंमत बघितली. मग म्हणाली, "अहो, माझ्या भिशीचा रुपया न् रुपया मी वहीत लिहिते. तुमचं हे कुठं लिहिलंय?"

कुठंच लिहिलेलं नव्हतं. फक्त माझ्या डोक्यात 'गुंतवणूक' असं लिहिलेलं होतं.

या गुंतवणुकीच्या भानगडीबद्दल मी नंतर बरंच वाचलं, कारण स्वतःला बरोबर ठरवायची खुमखुमी जात नव्हती. मॉस्कोच्या हायर स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधल्या संशोधकांचा एक अभ्यास जगभर गाजलाय. १९८७ ते २०१५ या काळातल्या बंद झालेल्या, सील न फोडलेल्या संचांच्या किमती त्यांनी तपासल्या आणि वर्षाला सरासरी ११ टक्के परतावा निघतो असं मांडलं. सोन्याहून बरं! हाच आकडा यूट्यूबवाले नाचवतात. पण सरासरी म्हणजे काय, हे आम्हा चंद्रपूरकरांना कळायला हवं. मे महिन्यातली दुपार आणि डिसेंबरातली पहाट यांची सरासरी काढली तर आमचं हवामान महाबळेश्वरासारखं दिसेल.

याच खेळातली सगळ्यात मोठी गोष्ट तर आपल्या ताजमहालाची आहे. लेगोनं २००८ मध्ये ताजमहालाचा संच काढला. ५,९२२ तुकडे, तेव्हाचा सगळ्यात जास्त तुकड्यांचा संच. अमेरिकेत किंमत ३०० डॉलर. पुढं तो बंद झाला आणि जुन्या बाजारात त्याचा भाव हजारो डॉलरवर गेला. लोकांनी सील न फोडता कपाटात ठेवले, जणू घरात सोन्याची लगडच. आणि २०१७ च्या नोव्हेंबरात कंपनीनं तोच ताजमहाल जवळपास जसाच्या तसा पुन्हा बाजारात आणला, ३७० डॉलरला. जुन्याचा भाव धाडकन खाली आला. ज्यांनी हजारोंना घेऊन ठेवला होता त्यांचं काय झालं असेल, याचा विचार करा. कंपनीनं कुणाला फसवलं नाही. तिनं खेळणं विकलं होतं, रोखे विकले नव्हते.

आणि समजा भाव वाढलाच, तरी चिमूरच्या मित्रा, विकणार कुणाला? चंद्रपुरात २४ हजाराचं खोकं ५० हजाराला घेणारा माणूस मला तरी भेटलेला नाही. कुरिअरनं पाठवलं तर कोपरा चेपतो, आणि कोपरा चेपला की जमवणारे लोक भाव पाडतात. पाच वर्षं ते खोकं सांभाळायचं कुठं? आमच्याकडं उन्हाळ्यात खोलीचा पत्रा तापतो, पावसाळ्यात भिंतीला ओल येते. आणि वर्षभर कोळशाची बारीक काळी धूळ असतेच. दुर्गापूर, घुग्घुस, ऊर्जानगर परिसरातल्या वाचकांना हे सांगायलाच नको. माझ्याकडं पांढऱ्या विटांचं एक घर आहे, दर पंधरा दिवसांनी रंगाच्या ब्रशनं झाडावं लागतं, नाहीतर ते कोळसा खाणीचं कार्यालय दिसायला लागतं.

म्हणून माझं मत असं की विटा हा खर्च आहे. खर्रा, सिनेमा, क्रिकेटचं सामान, देवदर्शनाची सहल, तसाच एक खर्च. खर्च म्हणून लिहिला की त्याला मर्यादा येते. गुंतवणूक म्हटलं की मर्यादाच जाते, उलट जेवढं जास्त तेवढं शहाणपणाचं वाटायला लागतं. माझ्या ओळखीत जमिनीच्या प्लॉटात, साखळी योजनांत, आता क्रिप्टोत बुडालेले लोक आहेत. प्रत्येकानं घरी हाच शब्द वापरला होता.

तर बायकोच्या वहीत एक पान आलं. वर तिनंच लिहिलं, "विटा". रक्कम ठरवताना घासाघीस झाली. मी पाच टक्के म्हटलं, ती एक म्हणाली. दोन टक्क्यांवर तुटलं. म्हणजे २६ हजारावर महिन्याला ५२० रुपये. दिवाळीत कमिशन जास्त आलं तरी ५२०, जूनमध्ये काहीच नाही आलं तरी ५२०, कारण सरासरीवर ठरलंय. पैसे नाही वापरले तर पुढच्या महिन्यात जमा. उधार घ्यायचं नाही, पुढच्या महिन्याचे आज खर्चायचे नाहीत. हप्ता तर नाहीच.

वर्षाचे होतात ६,२४०. टपरीवरच्या माझ्या सहकाऱ्याचं गणित मी मनातल्या मनात केलं होतं. दिवसाला तीन खर्रे, वीस रुपयांचा एक, म्हणजे रोजचे साठ. वर्षाचे २१,९००. माझ्या साडेतीन पट. राज्यात गुटखाबंदी २०१२ पासून आहे, पण आपल्या दोन्ही जिल्ह्यांत खर्रा कसा आणि कुठं मिळतो, यावर बातमी करायची तर मला घराबाहेर दहा पावलंही जायला नको. त्याला हिणवायचं नाही मला, व्यसन सुटत नाही हे बघितलंय. पण त्याच्या २१,९०० ला कुणी टपरीवर हसत नाही, आणि तो आकडा त्याच्या घरातल्या कोणत्याही वहीत लिहिलेला नाही, एवढंच माझं म्हणणं.

५२० रुपयांत लेगो येतं काय? नवीन संच म्हटलं तर फार नाही. माझ्या अनुभवात आपल्याकडं नव्या संचात तुकड्याला साधारण दहा ते पंधरा रुपये पडतात. म्हणजे तीन महिने थांबलं की एक छोटा संच. यातला बराच पैसा ना विटेचा असतो ना दुकानदाराचा. खेळण्यांवरचं आयातशुल्क २०२० च्या अर्थसंकल्पात २० टक्क्यांवरून ६० झालं आणि २०२३ मध्ये ७०. त्यावर जीएसटी. करारांतल्या सवलती सोडल्या तर शंभर रुपयांचं खेळणं बंदरातून बाहेर पडतानाच पावणेदोनशेच्या वर गेलेलं असतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून खेळण्यांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, तेवढा दिलासा.

इथं जरा थांबतो, कारण यावर मित्रांमध्ये वाद आहे. सरकारचं म्हणणं मला पूर्ण चूक वाटत नाही. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय खूण सक्तीची झाली, रस्त्यावरचा विषारी रंगाचा माल कमी व्हावा म्हणून. सरकारी आकडेवारीनुसार २०१४-१५ ते २०२२-२३ या काळात खेळण्यांची आयात ५२ टक्क्यांनी घटली आणि निर्यात २३९ टक्क्यांनी वाढली. चांगलं आहे. पण शुल्काची भिंत बांधायची ती आत काहीतरी उगवावं म्हणून. चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे, गडचिरोलीत बांबू आहे, बुरडकाम करणारे हात आहेत. नोंदणीकृत हस्तकला कारागिरांना त्या खुणेच्या सक्तीतून सूटही आहे. तरी बांबूच्या तुकड्यांचा एखादा जोडखेळ, जो मी पोरीला लहानपणी शंभर-दोनशे रुपयांत घेऊन दिला असता, तो मला आपल्या बाजारात दिसला नाही. दिसतात त्या 'लेगो' म्हणून विकल्या जाणाऱ्या नकला, ज्या तिसऱ्यांदा जोडल्या की ढिल्या पडतात. विटेची मूळ पेटंट कधीच संपलीत, तेव्हा तशी वीट कुणीही स्वतःच्या नावानं बनवू शकतो, त्यात गुन्हा नाही. दुसऱ्याचं नाव छापणं हा गुन्हा. घेताना नाव आणि आयएसआय खूण बघा, भाव नंतर.

मी नवीन संच जवळजवळ सोडलेच. सुट्या, जुन्या विटा घेतो. नागपुरात काही घरांत पोरं मोठी होतात, इंजिनीअरिंगला पुण्याला जातात, आणि माळ्यावर विटांचा डबा राहतो. ओळखीतून कळतं, मग किलोवर सौदा. असल्या डब्यात निम्मा माल इतर कंपन्यांचा, दोन कंचे, एक बटन आणि हमखास एखादा दुधाचा दात निघतो. विटा धुवाव्या लागतात. कंपनी सांगते पाणी चाळीस अंशांपेक्षा गरम नको. मे महिन्यात आमच्या छतावरच्या टाकीचं पाणी नळातून थेट येतं ते त्याहून गरम वाटतं, म्हणून उन्हाळ्यात माठातलं पाणी मिसळून विटा धुतो. आई बघते आणि म्हणते, "बापू, प्यायले पानी नाई अन् तू इटा धुऊन राह्यला." तिचं बरोबर असतं. पाणीकपातीच्या दिवसांत धूत नाही.

एवढ्या सुट्या विटांचं करायचं काय? तर २०१७ मध्ये इको-प्रोच्या बंडू धोतरे आणि त्यांच्या कार्यकर्त्यांनी आपल्या किल्ल्याची सफाई सुरू केली, ते तुम्हाला आठवत असेल. पंतप्रधानांच्या 'मन की बात'मध्येही उल्लेख आला. त्या बातम्यांसाठी मी परकोटाच्या कडेनं बराच हिंडलो. याच गावात जन्मलो, पण बुरुज मोजायची वेळ तेव्हा पहिल्यांदा आली. जटपुरा, पठाणपुरा, अंचलेश्वर आणि बिनबा, हे चार दरवाजे तोंडपाठ होते. खिडक्या पाच आहेत हे पहिल्यांदा मोजलं. ती झाडं उपटणारी, घाम गाळणारी पोरं बघून वाटलं, आपल्या हातून एवढं होणार नाही, पण हा दरवाजा आपल्याला नीट बघता तरी आला पाहिजे. रोज त्याखालून जातो ते हॉर्न वाजवत. जटपुरा गेटची कोंडी हा तर आमच्या पेपरांचा सदाबहार विषय. बातमी जुनी काढून तारीख बदलली तरी चालते.

तर गेली दोन वर्षं मी वीतभर उंचीचं जटपुरा गेट बांधतोय. कोणतंही तयार पुस्तक नाही. फोटो काढतो, चौकटीच्या कागदावर आखतो, मोजतो, चुकतो, उपटतो. कमान विटांत उतरवणं हे फार अवघड काम आहे. गोंड राजांच्या गवंड्यांनी दगडात केलं आणि मला प्लॅस्टिकात जमत नाही, याची लाज वाटते. दगडाचा तो मळकट पिवळसर रंग मिळवायला पिवळा, टॅन आणि तपकिरी मिसळावा लागतो, आणि टॅन रंगाच्या विटा जुन्या डब्यांत नेमक्या कमी निघतात. आजवर या गेटवर वहीत लागलेला खर्च ८,३४० रुपये. दोन वर्षांतला. तेवढ्यात मला गावाच्या इतिहासाची पुस्तकं उघडावी लागली, पोरीला प्रमाण आणि गुणोत्तर समजलं, आणि रात्री मोबाईल बाजूला राहिला. ते २४ हजारांचं खोकं? जोडून झालं, चार रात्रींत. पुस्तकात दाखवलं तसं जोडलं, फळीवर ठेवलं. सुंदर आहे. पण त्याच्याकडं बघितलं की मला अजूनही शिकवणीवाल्यांचा फोन आठवतो.

आता कमेंटमध्ये कुणीतरी लिहिणारच, म्हणून आधीच लिहितो. भामरागडमध्ये पर्लकोटेला पूर आला की गावं तुटतात, एटापल्लीत लेकरांना धड शाळा नाही, आणि हा विटांवर पान लिहितोय. बरोबर आहे. मीच त्या बातम्या करतो. पण गडचिरोलीतल्याच एका आश्रमशाळेवरच्या शिक्षक मित्रानं मला विचारलं होतं, तुझ्या डब्यातल्या थोड्या विटा दे, पोरांना गुणाकार शिकवायला. मी एक किलोभर दिल्या. बरेच दिवस देणार देणार करत होतो, कारण त्यात टॅन रंगाच्या होत्या. हा माझा कोतेपणा. पाठवल्यानंतर त्यानं फोटो पाठवला. पोट्ट्यांनी गुणाकार केला की नाही माहीत नाही, पण एकीनं मोटेचा बैल केला होता आणि त्याला चार नाही, पाच पाय होते. विचारलं तर म्हणाली, पाचवा म्हणजे शेपूट. नऊ विटा होत्या त्यात. ९१ कोटींचा तो आकडा सहा विटांचा होता, हे आठवा. वस्तू कमी असली म्हणून खेळ कमी होत नाही, पण अजिबात नसली तर होतो.

आणि एक राहिलं. माझं पान सुरू झाल्यावर तिसऱ्या-चौथ्या महिन्यात वही चाळताना लक्षात आलं की त्यात किराणा आहे, दूध आहे, आईच्या गोळ्या आहेत, पोरीची फी आहे, भिशी आहे, माझ्या विटा आहेत. तिचं पान नाही. भिशीला मी तिचं पान समजत होतो, पण भिशीतून गेल्या वर्षी आला तो कूलर आणि त्याच्या आदल्या वर्षी माझ्या गाडीचे टायर. मी विचारलं, तुला काय आवडतं? लग्नाला अठरा वर्षं झाल्यावर हा प्रश्न विचारणं हीच एक बातमी आहे. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "ताडोबा."

मोहर्ली गेट आमच्या घरापासून तीसेक किलोमीटर. जगभरातून लोक येतात, मी त्यांच्या बातम्या करतो, आणि ही बाई जन्मापासून चंद्रपुरात असून एकदाही आत गेलेली नव्हती. जिप्सी, गाईड, प्रवेश मिळून काही हजार होतात, आणि तेवढ्यात घरात दुसरं काहीतरी निघतंच. तेव्हापासून तिचेही महिन्याला ५२०. घरखर्चाचे चार टक्के दोघांच्या चैनीला गेले तर कुठून आले? माझं बाहेरचं चहा-नाश्त्याचं बिल निम्मं झालं, खरं सांगायचं तर तिथूनच. वर्ष भरल्यावर गेल्या फेब्रुवारीत ती तिच्या बहिणीला आणि भिशीतल्या चौघींना घेऊन गेली. सहा जणींनी जिप्सीचे पैसे वाटून घेतले. मला बोलावलं नाही. वाघ दिसला नाही म्हणे. गवे दिसले, अस्वल दिसलं, आणि एका पाणवठ्यावर अर्धा तास कुणी काही बोललं नाही. हे सगळं तिनं वहीतल्या तिच्या पानावर रकमेखाली लिहून ठेवलंय. त्या पानावर अजून पैसे शिल्लक आहेत, पुढचं काय ते ती सांगत नाही.

माझ्या पानावर आज ६१० रुपये आहेत. गेटची कमान एकदाची बसली. आता वरचं राजचिन्ह राहिलंय, हत्तीवर स्वार झालेला सिंह. त्याला करड्या रंगाचे उतरते छोटे तुकडे लागतात, साधारण चाळीस, आणि माझ्याकडं नऊ आहेत. कुणाच्या माळ्यावर जुना डबा पडला असेल तर कळवा. किलोचा भाव योग्य तो देईन, पण या महिन्यात ६१० च्या वर नाही.

टपरीवरच्या मित्रा, रविवारी घरी ये. हत्तीचा पाय कसा बसवायचा ते तुला जमेल, तुझा हात चांगला आहे. पोळ्याचा नंदी तूच दरवर्षी सजवतोस.